रोमन साम्राज्य दुभंगलं कधी: 293 मध्ये की 395 मध्ये?

स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत दोन वाक्यं हमखास सापडतात. 'डायोक्लेशियनने साम्राज्याचे भाग पाडले' आणि '395 मध्ये साम्राज्याचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे झाले.' ती वाचून बरेच जण दोन्ही गोष्टी एकाच घटनेत कोंबतात, काही तर सालंही अदलाबदल करतात. पहिली होती विचारपूर्वक उभी केलेली व्यवस्था, आणि ती वीस वर्षंही धड चालली नाही. दुसरी अशी कुणी मुद्दाम केलीच नव्हती. टिकली मात्र तीच.

235 ते 284 या अर्धशतकात रोमच्या गादीवर वीसच्या वर सम्राट येऊन गेले आणि त्यातले बहुतेक मारले गेले. कारण सरळ होतं. ऱ्हाइन, डॅन्यूब आणि इराणची सरहद्द, तिन्ही एकाच वेळी पेटायच्या. सम्राट एका सरहद्दीवर गेला की दुसरीकडची फौज आपल्याच सेनापतीला सम्राट करून मोकळी व्हायची. नोव्हेंबर 284 मध्ये सत्तेवर आलेल्या डायोक्लेशियनने यावर उपाय काढला तो असा, की प्रत्येक सरहद्दीजवळ एक सम्राट हजर ठेवायचा. 286 पर्यंत मॅक्सिमियन त्याच्या बरोबरीचा 'ऑगस्टस', म्हणजे थोरला सम्राट, झाला. 1 मार्च 293 रोजी कॉन्स्टँशियस आणि गॅलेरियस हे दोघे कनिष्ठ 'सीझर' नेमले गेले. राजधान्या सरहद्दींच्या सोयीने ठरल्या: निकोमीडिया, मिलान, ट्रिअर, सिर्मियम. खुद्द रोम शहर यादीत नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

पाठ्यपुस्तकातल्या नकाशात इथे चार रंग भरलेले दिसतात. त्यांवर फार विसंबू नये. बाल्कनचा प्रदेश ज्याच्या नावावर रंगवतात तो गॅलेरियस 298 मध्ये इराणच्या बादशहाला आर्मेनियाच्या बाजूला हरवत होता. त्याच सुमारास डायोक्लेशियन इजिप्तमधलं बंड मोडत होता. गरज पडेल तसे हे लोक एकमेकांच्या मुलखात वावरत. वडीलधारा एकच, डायोक्लेशियन, आणि हुकूम निघे तो चौघांच्या नावाने.

301 चा दरनियंत्रणाचा हुकूम हे त्याचं चांगलं उदाहरण. त्यात हजाराच्या वर वस्तूंचे आणि कामांचे कमाल दर ठरवून दिले होते. शेतमजुराला जेवण धरून दिवसाला 25 दिनार, न्हाव्याला माणसामागे 2 दिनार. जास्त घेतले तर देहदंड. मथळ्यात चारही नावं आहेत, पण दगडावर कोरलेल्या ज्या प्रती सापडल्या त्या जवळपास सगळ्या पूर्वेकडच्या. पश्चिमेने हुकूम फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. पूर्वेतही माल बाजारातून नाहीसा झाला आणि दर आणखी चढले. 303 नंतर ख्रिस्ती लोकांच्या छळाचंही तसंच: गॅलेरियसने कडक अंमल केला, कॉन्स्टँशियसने चर्चच्या इमारती पाडण्यावर भागवलं.

व्यवस्था मोडली ती वारसाच्या प्रश्नावर. 1 मे 305 रोजी दोन्ही ऑगस्टस ठरवून पायउतार झाले आणि सीझर वर सरकले. इथवर ठीक. नवे सीझर नेमताना मात्र कॉन्स्टँशियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन आणि मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेंशियस या दोघांनाही वगळलं. फौजेला निवडलेला वारस नको होता, धन्याचा मुलगा हवा होता. जुलै 306 मध्ये यॉर्कला कॉन्स्टँशियस वारला आणि तिथल्या सैन्याने लगेच कॉन्स्टंटाइनचा जयघोष केला. 307 मध्ये सम्राटपदावर हक्क सांगणारे चाराचे सहा झाले होते. 324 मध्ये कॉन्स्टंटाइन एकटा उरला.

डायोक्लेशियनचं खरं टिकाऊ काम वेगळंच होतं. त्याने प्रांतांची संख्या पन्नासच्या आसपास होती ती शंभराच्या घरात नेली, त्यांचे बारा मोठे विभाग केले आणि मुलकी कारभार लष्करापासून वेगळा काढला. चौघांची सत्ता गेली तरी हे विभाग राहिले, आणि पुढे 395 ची रेघ त्यांच्याच हद्दींवरून गेली. दोन घटनांचा थेट संबंध असलाच तर तो एवढाच.

मधल्या काळात साम्राज्य किती वेळा वाटलं आणि जोडलं गेलं ते पाहिलं की 395 चं महत्त्व नीट कळतं. 337 मध्ये कॉन्स्टंटाइनच्या तीन मुलांत वाटणी झाली, 353 पर्यंत पुन्हा एक. 364 मध्ये व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या भावांनी नाइसस (आजच्या सर्बियातलं निश) शहराच्या बाहेर सेनापती वाटून घेतले आणि सिर्मियमला पोचल्यावर दरबारी अधिकारी. मग एक मिलानला गेला, दुसरा कॉन्स्टँटिनोपलला. काटेकोर वाटणी म्हणायची तर हीच, आणि नेमकी हीच कुणाला पाठ नसते. सप्टेंबर 394 मध्ये पूर्वेचा सम्राट थिओडोसियस याने फ्रिजिडस नदीकाठी पश्चिमेचा दावेदार हरवला आणि साम्राज्य परत एका हाताखाली आलं, जेमतेम चार महिने.

17 जानेवारी 395 रोजी थिओडोसियस मिलानला वारला. त्या दिवशी नवं काहीच घडलं नाही. त्याचा थोरला मुलगा अर्केडियस 383 पासून ऑगस्टस होता, धाकटा होनोरियस 393 पासून; पूर्व थोरल्याकडे राहिली, पश्चिम धाकट्याकडे. वाटणीचा हुकूम नाही, तह नाही, नवी राज्यघटना नाही. वहिवाट वेगळी आणि सातबारा सामाईक, असा तो मामला होता.

मग या वेळी तुकडे परत का जुळले नाहीत? होनोरियस दहा वर्षांचा, अर्केडियस सतरा-अठराचा, आणि दोघेही पुढे कधी फौज घेऊन बाहेर पडले नाहीत. सत्ता गेली सेनापती आणि दरबाऱ्यांच्या हातात. पश्चिमेचा सेनापती स्टिलिको म्हणे, मरताना थिओडोसियसने दोन्ही मुलं माझ्या हवाली केली. कॉन्स्टँटिनोपलला ते मान्य नव्हतं. नोव्हेंबर 395 मध्ये तिथला मुख्य मंत्री रुफिनस सैन्याच्या संचलनातच कापला गेला, आणि 397 मध्ये पूर्वेच्या दरबाराने स्टिलिकोला राष्ट्रशत्रू ठरवलं. त्याच वर्षी आफ्रिकेतला सेनापती गिल्डो याने रोमचं धान्य अडवलं. त्याचं म्हणणं असं, की मी बंड कुठे करतोय, मी फक्त दुसऱ्या सम्राटाकडे निष्ठा वळवली. साम्राज्य कागदोपत्री एक असल्याचा इतका चलाख वापर दुसरा सापडणं कठीण.

सीमारेषा बाल्कनमधून जात होती. सिर्मियम पश्चिमेकडे, तर तिथून सुमारे 70 किलोमीटरवरचं सिंगिडुनम, म्हणजे आजचं बेलग्रेड, पूर्वेकडे. आफ्रिकेत ती आजच्या लिबियातून जाई: ट्रिपोलिटानिया पश्चिमेचा, सायरेनेइका पूर्वेचा.

पुराव्यातून हा फरक ओळखायचा तर नाणी हाताशी असतात. चौघांच्या काळातल्या काही तांब्याच्या नाण्यांवर ऑगस्टसच्या संक्षेपात 'जी' दोनदा आणि सीझरच्या संक्षेपात 'एस' दोनदा येतो: दोन थोरले, दोन धाकटे. 395 नंतर कॉन्स्टँटिनोपलच्या सोन्याच्या नाण्यावर तळाशी टांकसाळीची खूण 'कॉनॉब', पश्चिमेच्या नाण्यावर 'कॉमॉब' आणि बाजूला मिलान किंवा राव्हेन्ना (मिलाननंतरची पश्चिमेची राजधानी) यांची अक्षरं. पण नावावर जाऊ नका, कारण कॉन्स्टँटिनोपलची टांकसाळ होनोरियसच्या नावाचीही नाणी पाडत होती. कायद्यांतही तीच फसगत होते. मथळ्यात दोन्ही भावांची नावं असतात, त्यामुळे कायदा कुठल्या दरबाराचा हे ठरवायला तो कोणत्या शहरातून सुटला आणि कोणत्या अधिकाऱ्याला लिहिला ते पाहावं लागतं. 438 ची कायद्यांची संहिता, थिओडोसियसच्या नातवाने, म्हणजे दुसऱ्या थिओडोसियसने काढलेली, दोन्हीकडे लागू झाली. नवा कायदा मात्र दुसऱ्या दरबाराने रीतसर पाठवला तरच आपल्याकडे चालेल, असं 429 मध्येच ठरलं होतं.

पैशाचा हिशोब शेवटी निर्णायक ठरला. पूर्वेकडे इजिप्त, सीरिया आणि आशिया मायनर हे महसुली प्रांत बॉस्फरसच्या पलीकडे सुरक्षित होते. पश्चिमेचा आधार होता आफ्रिका, आणि 439 मध्ये वँडल या जर्मानिक लोकांनी तिथलं मुख्य शहर कार्थेज घेतलं. महसूल गेला म्हणून फौज घटली, फौज घटली म्हणून उरलेले प्रांत गेले. पूर्वेने मदत केली नाही हा समज चुकीचा आहे. 468 मध्ये कॉन्स्टँटिनोपलने कार्थेजवर प्रचंड आरमार पाठवलं, ते शत्रूने पेटत्या होड्या सोडून जाळलं, आणि पूर्वेचीही तिजोरी रिकामी झाली.

4 सप्टेंबर 476 रोजी सेनापती ओडोएसरने राव्हेन्नात पश्चिमेचा सम्राट रोम्युलस ऑगस्टुलसला हटवलं, आणि पश्चिमेची राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला पूर्वेचा सम्राट झीनोकडे रवाना झाली. सोबत निरोप असा, की आता वेगळ्या सम्राटाची गरज नाही, एकच पुरे. झीनोच्या लेखी पश्चिमेचा कायदेशीर सम्राट तेव्हा रोम्युलसच्या आधीचा, हाकलला गेलेला ज्युलियस नेपोस होता, आणि तो डॅल्मेशियात 480 मध्ये मारला जाईपर्यंत जिवंत होता.