आमच्या मेणबत्तीत काय असतं, आणि ती कुठे लावू नये

आमच्या सुगंधी मेणबत्तीत तीनच गोष्टी असतात: सोयाबीनचं मेण, सुती वात आणि सुगंधी तेल.

मेणाची फार काळजी नको. पॅराफिन, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं नेहमीचं मेण, हे विष आणि सोया म्हणजे अमृत, असं काही नाही. काजळी धरते ती बहुतेक वेळा वात लांब राहिल्यामुळे किंवा वाऱ्याच्या झोतामुळे, मेण कोणतंही असो. पेटवण्याआधी दरवेळी वात पाव इंच ठेवून कापा आणि बरणी पंख्याखाली ठेवू नका. वात ताठ राहावी म्हणून पूर्वी काही जण आत शिशाची तार घालत. अमेरिकेने 2003 मध्ये त्यावर बंदी घातली. आमच्या वातीत कुठलीच तार नसते.

खरा प्रश्न सुगंधाचा. ‘नॅचरल आहे ना?’ असं स्टॉलवर हमखास विचारतात. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन निसर्गातलंच. पण तेल उघडं राहून जुनं झालं की त्याच लिनॅलूल-लिमोनीनमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं. लिमोनीनचा हवेतल्या ओझोनशी संयोग झाला तर थोडं फॉर्मल्डिहाइडही (डोळ्यांना-घशाला झोंबणारा वायू) तयार होतं. म्हणून ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं आम्ही बरणीवर छापत नाही. छापलं तर खप वाढेल, हे ठाऊक आहे!

प्रत्येक तेलासोबत आम्ही ‘इफ्रा’ प्रमाणपत्र मागतो. इफ्रा ही सुगंध उद्योगाची 1973 पासूनची जागतिक संघटना. घटकांच्या मर्यादा ती ठरवते आणि त्यावरून हे तेल मेणबत्तीत किती टक्के चालेल ते पुरवठादार लिहून देतो. हे उद्योगाने स्वतःच घालून घेतलेले नियम आहेत, सरकारी कायदा नव्हे. थॅलेट (सुगंध टिकून राहावा म्हणून घालतात ते रसायन) असलेली तेलं आम्ही घेत नाही.

अगरबत्ती आम्ही बनवत नाही, तरी विचारणा होते म्हणून सांगतो. भारतीय मानक ब्युरोने 2025 मध्ये तिच्यासाठी आयएस 19412 हे मानक आणलं. सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल अशी कीटकनाशकं त्यात निषिद्ध आहेत. डास पळवणारी स्वस्त काडी घरात लावण्याआधी पाकीट नीट वाचा.

आमच्या मेणबत्तीपेक्षा घरातल्या कापराचीच जास्त धास्ती बाळगा. लहान मुलाने वडी गिळली तर थोड्याच वेळात आकडी येऊ शकते. रीड डिफ्यूझरचं (बाटलीत काड्या उभ्या करून सुगंध पसरवतात त्याचं) तेलही असंच हाताला लागणार नाही इतकं उंचावर ठेवा. पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, बाटली घेऊन थेट दवाखान्यात जा.

तान्ह्या बाळाच्या किंवा दमा असलेल्या माणसाच्या खोलीत आमची मेणबत्ती लावू नका. एसीसाठी दारं-खिडक्या बंद केलेल्या बेडरूममध्येही नको. मांजर असेल तर टी ट्री तेल डिफ्यूझरमध्ये घालू नका, ते तिच्या शरीराला पचवता येत नाही. एका वेळी तीन-चार तास पुरेत. तळाशी अर्धा इंच मेण उरलं की बरणी बाद करा, नाहीतर काच तडकते.

बरणीच्या बुडाशी बॅच क्रमांक आहे. डोकं दुखलं, पुरळ उठलं किंवा डॉक्टरांनी घटक विचारले, तर तो क्रमांक आम्हाला कळवा. त्या तेलाची आमच्याकडे असलेली सगळी कागदपत्रं पाठवू.