फ्यूजन ड्राइव्ह : तुटलेली जोडणी पुन्हा उभारणे

फ्यूजन ड्राइव्ह ही ॲपलच्या जुन्या डेस्कटॉप संगणकांतील संमिश्र साठवण आहे. आत एक छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) आणि एक मोठी हार्ड डिस्क असे दोन वेगळे भाग असतात. मॅकओएस ही ॲपलची संगणकप्रणाली त्यांना जोडून एकच ड्राइव्ह दाखवते. ऑक्टोबर २०१२ मध्ये आयमॅक आणि मॅक मिनीबरोबर ही सोय आली. २०२० मध्ये २७ इंची आयमॅकमधून ती गेली, २१.५ इंचीत त्यानंतरही काही काळ टिकली. कोल्हापुरात लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांकडे असे जुने आयमॅक असतील, तर लग्नसराईच्या तोंडावर पुढील माहिती हाताशी असावी.

एसएसडी इथे कॅशे म्हणून काम करत नाही. कॅशेत फाइलची प्रत असते आणि मूळ हार्ड डिस्कवरच राहते. फ्यूजनमध्ये वारंवार लागणारा मजकूर एसएसडीवर हलवला जातो, कमी लागणारा हार्ड डिस्कवर जातो. प्रत्येक तुकडा एकाच ठिकाणी असतो. त्यामुळे दोन्हींची जागा बेरजेने मिळते: १ टीबी हार्ड डिस्क आणि १२८ जीबी एसएसडी मिळून सुमारे १.१२ टीबी. २०१५ च्या अखेरीस १ टीबीच्या पर्यायातील एसएसडी २४ जीबीवर आणली गेली (२ व ३ टीबीत १२८ जीबीच राहिली), आणि त्या यंत्रांत वेगाचा फायदा फारसा उरला नाही.

याच रचनेमुळे दोहोंपैकी एक भाग गेला की सगळा डेटा जातो. दुकानात नुसती हार्ड डिस्क काढून ‘रिकव्हरी करून द्या’ म्हणणे व्यर्थ आहे, कारण फाइल-सिस्टमची नोंद आणि फाइलींचे काही तुकडे एसएसडीवर असतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात शाहूपुरीसारख्या सखल भागांत पाणी शिरले होते. अशा पाण्यात भिजलेले यंत्र चालू करून पाहू नये. दोन्ही भाग एकत्र काढून, एकत्र बांधून, एकाच तज्ज्ञाकडे द्यावेत.

जोडणी तुटल्याची खूण सोपी आहे: फाइंडरमध्ये (फाइली दाखवणारी खिडकी) एकाऐवजी दोन ड्राइव्ह दिसतात, एक १ टीबीची आणि दुसरी २४ किंवा १२८ जीबीच्या आसपासची. कोणी डिस्क युटिलिटीत (डिस्क पुसण्याचे व दुरुस्त करण्याचे ॲप) घाईने फॉरमॅट मारले किंवा हार्ड डिस्क बदलली, की बहुधा असे होते. पुन्हा जोडताना दोन्हीकडचा डेटा पुसला जातो, तेव्हा आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा. तो उघडून तपासावा आणि मगच ती डिस्क यंत्रापासून काढावी.

मोहावी (२०१८) किंवा त्यानंतरच्या मॅकओएसवर काम एका कमांडचे आहे. यंत्र सुरू करताना कीबोर्डवरील कमांड व आर दाबून ठेवून रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या वेगळ्या पडद्यावर, जावे. हार्ड डिस्क नवी असेल तर तिच्यावर रिकव्हरी नसतेच. अशा वेळी ऑप्शन, कमांड व आर दाबून इंटरनेट रिकव्हरी घ्यावी, किंवा १६ जीबीचा बूट करता येणारा पेनड्राइव्ह आधीच करून ठेवावा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अनेक जीबींचे डाउनलोड मध्येच तुटते, म्हणून पेनड्राइव्ह बरा. युटिलिटीज मेनूतून टर्मिनल (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘डिस्कयुटिल लिस्ट’ (diskutil list) ही कमांड रोमन अक्षरांत द्यावी. ‘इंटर्नल, फिजिकल’ असे शेरे असलेल्या दोनच डिस्क दिसायला हव्यात. मग ‘डिस्कयुटिल रीसेटफ्यूजन’ (diskutil resetFusion) द्यावी. ‘रीसेटफ्यूजन’मधला एफ मोठ्या लिपीत असतो. खात्री विचारल्यावर ‘येस’ (Yes) लिहावे, त्यातला वाय मोठा. काम झाले की टर्मिनल बंद करून मॅकओएस बसवावी.

हाय सिएरा व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ही कमांड नाही. तिथे कोअर स्टोरेज या डिस्क जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या कमांड लागतात: ‘सीएस क्रिएट’ने दोन्ही डिस्कचा गट आणि ‘सीएस क्रिएटव्हॉल्यूम’ने त्या गटावर जर्नल्ड एचएफएस प्लस (मॅकची जुनी फाइल-सिस्टम) व्हॉल्यूम. डिस्कचे क्रमांक दर वेळी ‘लिस्ट’मध्ये पाहूनच लिहावेत, ते बदलतात आणि चुकीच्या क्रमांकाची डिस्क पुसली गेली तर परत येत नाही.

रीसेटफ्यूजनला यंत्रातले दोन्ही भाग दिसायला हवेत. यादीत एकच दिसत असेल तर बहुधा एसएसडी मेलेली आहे, नीट बसलेली नाही किंवा हार्ड डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटा केबल सुटली आहे. हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी बसवली असेल, तर दोन्ही भाग एसएसडी होतात. त्या वेळी जोडण्याचा हट्ट सोडावा: नवी एसएसडी एकटीच पुरेशी वेगवान असते आणि एक गेली की सगळा डेटा जाण्याचा धोकाही टळतो. जुन्या हार्ड डिस्कच्या स्मार्ट नोंदीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर, म्हणजे खराब होत चाललेले तुकडे, वाढत असतील, तर तिला पुन्हा जोडण्यात अर्थ नाही.

२०१२ नंतरच्या आयमॅकची काच चिकटपट्टीने चिकटवलेली असते. ती उघडताना पट्टी कापायचे चाक फार खोल घालू नये. वरच्या मध्यभागी कॅमेरा असतो. आतल्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरांत वीज काढल्यावरही विद्युतभार राहतो. परत लावताना जुना डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवीन पट्ट्या वापराव्यात. पावसाळ्यात कडा पूर्ण कोरड्या करणे विसरू नये, नाहीतर पडदा सैल राहतो. २१.५ इंचीत २.५ इंची, २७ इंचीत ३.५ इंची हार्ड डिस्क लागते. एसएसडी मात्र लॉजिक बोर्डाच्या (मुख्य सर्किट बोर्ड) मागे असते, म्हणजे ती बदलायला बोर्ड बाहेर काढावाच लागतो.

वीज अचानक जाणे फ्यूजनला वाईट, कारण लिहिणे मध्येच तुटते. ६०० व्हीएचा यूपीएस इतक्या यंत्राला पुरतो. पुनर्जोडणीनंतरचे पहिले काही दिवस यंत्र मंद वाटले तर घाबरू नये. नेहमी उघडल्या जाणाऱ्या फाइली एसएसडीवर सरकायला तेवढा वेळ लागतो.