गोठवलेल्या मूलपेशी वितळवणे

द्रवरूप नायट्रोजनमध्ये किंवा त्याच्या वाफेत, उणे १५० अंश सेल्सिअसच्या खाली साठवलेल्या रक्तजनक मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, रुग्णाला चढवण्याआधी पुन्हा द्रवरूपात आणण्याची प्रक्रिया. मल्टिपल मायलोमा, लिंफोमा, ल्युकेमिया अशा रक्ताच्या कर्करोगांत रुग्णाच्या किंवा दात्याच्या रक्तातून, अस्थिमज्जेतून वा नाळेतल्या रक्तातून या पेशी घेतलेल्या असतात. पिशवी वितळवायला काढतात तोवर रुग्णाला तीव्र मात्रेची केमोथेरपी देऊन झालेली असते आणि त्याची स्वतःची मज्जा बहुतेक निकामी झालेली असते. इथे पेशी वाया गेल्या तर मागे फिरता येत नाही. नाळेतल्या रक्ताची तर बहुधा दुसरी पिशवीच नसते.

गोठवणे सावकाश, वितळवणे झटपट, हा यातला मूळ नियम. गोठवताना तापमान मिनिटाला साधारण १ ते २ अंशांनी उतरवतात. त्यामुळे पाणी पेशीतून बाहेर पडून बाहेरच गोठते. सोबत डायमिथिल सल्फॉक्साइड (डीएमएसओ) हे संरक्षक द्रव्य घालतात. त्याचा हा गुण लव्हलॉक आणि बिशप यांनी १९५९ मध्ये दाखवला. वितळताना धोका मधल्या टप्प्यात असतो. तापमान हळूहळू वर आले, तर बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पेशींची आवरणे फाडतात. म्हणून पिशवी थेट ३७ अंशांच्या पाण्यात धरतात.

प्रत्यक्षात आधी दोघे जण पिशवीवरचे नाव आणि क्रमांक रुग्णाच्या कागदांशी ताडून पाहतात. या तापमानाला प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, आणि शिवणीतून आत नायट्रोजन शिरला असेल तर तो फुगून पिशवी फोडू शकतो. त्यामुळे ती दुसऱ्या निर्जंतुक पिशवीत घालूनच बुडवतात. तडा गेलाच तर पेशी बाहेरच्या पिशवीत तरी उरतात. बोटांनी अलगद हलवत राहायचे आणि आत बर्फाच्या गोळ्याच्या चुऱ्यासारखा थोडा भाग उरला की बाहेर काढायचे. वॉटर बाथचे, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या टबाचे, पाणी जंतूंना आयते घर ठरते, म्हणून अनेक ठिकाणी आता कोरडी उष्णता देणारी यंत्रे वापरतात. साठवणुकीची टाकीही निर्धोक मानता येत नाही: फुटलेल्या पिशवीमुळे दूषित झालेल्या टाकीतून हिपॅटायटिस बी पसरल्याची घटना ब्रिटनमध्ये १९९५ मध्ये नोंदली गेली.

वितळल्यावर घाई वेगळ्याच कारणाने करावी लागते. थंडीत पेशी वाचवणारे डीएमएसओ खोलीच्या तापमानाला त्यांनाच बाधू लागते. रुग्णालाही मळमळ, रक्तदाब उतरणे, नाडी मंदावणे असा त्रास होतो. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम ही डीएमएसओची रूढ मर्यादा आहे. १० टक्के डीएमएसओ असलेल्या १०० मिलिलिटरच्या पिशवीत ते सुमारे ११ ग्रॅम असते: ६० किलोच्या माणसाला चालेल, १० किलोच्या बाळाची मर्यादा मात्र एकाच पिशवीत ओलांडते. न्यूयॉर्कच्या पाब्लो रुबिनस्टीन यांच्या गटाने १९९५ मध्ये, डीएमएसओ काढून टाकण्यासाठी, डेक्स्ट्रान (एक शर्करायुक्त द्रव्य) आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) घालून नाळेतले रक्त विरळ करून धुण्याची पद्धत मांडली. धुताना काही पेशी हातच्या जातात, म्हणून मोठ्यांच्या स्वतःच्या पेशी बहुधा न धुताच देतात.

फुटलेल्या पांढऱ्या पेशींतला डीएनए चिकट असल्याने गाठी होतात. त्या रोखायला रक्त न गोठू देणारे द्रव्य मिसळतात. नेहमीच्या रक्ताला लावतात तो पांढऱ्या पेशी अडवणारा फिल्टर इथे लावायचा नाही आणि पिशवीवर किरणांचा मारा करायचा नाही. दोन्हींमुळे मूलपेशीच वाया जातात. पेशी चढत असताना खोलीत लसणासारखा वास दरवळतो. तो डीएमएसओपासून शरीरात बनून श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या वायूचा असतो. लघवी लालसर होऊ शकते. नातेवाईकांना हे आधी सांगून ठेवलेले बरे.

नाळ-रक्त बँकांच्या जाहिराती साठवणुकीच्या वर्षांबद्दल भरभरून बोलतात. पिशवीची खरी किंमत ठरते ती वितळल्यावर किती पेशी जिवंत उरल्या आणि त्यांतल्या किती वाढून नव्या पेशींच्या वसाहती तयार करू शकल्या यावर.

भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. आज देशातली अनेक केंद्रे मायलोमाच्या रुग्णाच्या स्वतःच्या पेशी न गोठवता ४ अंशांवरच ठेवतात. त्यामुळे खर्च वाचतो आणि डीएमएसओही टळते. हे जमते, कारण त्या आजारात मेल्फलन हे केमोथेरपीचे औषध एक-दोन दिवसांत देऊन होते. लिंफोमाची केमोथेरपी त्याहून जास्त दिवस चालते आणि तेवढ्या काळात फ्रिजमधल्या पेशी कमी होत जातात, म्हणून तिथे बहुधा गोठवावेच लागते.