कढीपत्त्याला कीड लागू द्या

बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या घरापुढं जेमतेम दहा बाय बारा फुटांची जागा. तिथं फरशी, लॉनचा तुकडा आणि क्रोटनच्या सहा कुंड्या होत्या. नर्सरीवाल्यानं "क्रोटनला कीड लागत नाही" म्हणून कौतुकानं दिल्या होत्या. खरंच लागली नाही. मुळात आग्नेय आशियातलं झाड. त्याचं पान आपल्याकडच्या किड्यांनी खावं तरी कसं?

झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात विषं साठवतं. कुठल्या झाडाचं कुठलं विष पचवायचं, हे कीटक लाखो वर्षांत शिकतात आणि मग बहुतेक अळ्या त्या ठरावीक झाडांनाच धरून राहतात. टणटणीच्या फुलात फुलपाखरं मध पितात. पण ते झालं चहाचं दुकान. बाळंतपणाला माहेरच लागतं.

फरशी उखडली, तांबडी माती मोकळी केली. कढीपत्ता, अडुळसा, धायटी, अबोली लावली आणि कुंपणावर सापसंदाचा वेल सोडला. (हा वेल मूत्रपिंडाला घातक; औषध म्हणून चघळू नये.)

पावसाळ्यात कढीपत्त्यावर बहुरूपी, म्हणजे कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी, घिरट्या घालायला लागली. कोवळ्या पानावर ती पुढचे पाय आपटते. तिची चव पायांत असते. पान ओळखीचं लागलं की एकच अंडं ठेवून पुढं सरकते. अळी आधी हुबेहूब पक्ष्याची शीट दिसते, मोठी झाली की हिरवीगार. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून लाल दुबेळकं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

शेजारच्या अक्का म्हणाल्या, "पानं सगळी खायलेत की हो किडे! फवारा मारा की." मारला नाही. शिंपी पक्ष्याच्या जोडीनं त्यातल्या बऱ्याच अळ्या पिलांना भरवल्या.

खरी गंमत सापसंदानं आणली. त्यावर वाढणाऱ्या कॉमन रोझ या फुलपाखराच्या अंगात वेलाचं विष मुरतं, म्हणून पक्षी तिला टाळतात. बहुरूपी बिनविषारी, पण तिच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझचे पंख घेऊन फिरतात, पांढऱ्या-लाल ठिपक्यांसकट. नर मात्र कधीच सोंग घेत नाहीत. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवलं, की हे सगळं सोंग 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या हातात आहे. एरवी हे जनुक नर-मादीतला फरक घडवतं.

ओळखायचं कसं? पोट बघा. कॉमन रोझचं अंग लाल असतं, नकलाकार बाईचं काळं. पंख रंगवले, अंग रंगवायचं राहिलं. हे मला दोन पावसाळे कळलं नव्हतं. मी दोघींना एकच समजत होते.

अक्का अजून आमटीला करिबेव, म्हणजे कढीपत्ता, मागायला येतात. अळी नसलेली डहाळी शोधायला मला हल्ली जरा वेळ लागतो.