सोप्यातली शाळा (कोरोनाकाळ, कोल्हापूर जिल्हा)

2020 ते 2022 या काळात शाळेच्या इमारती बंद असताना कोल्हापूर जिल्ह्यात गुरुजींनी आणि बाईंनी पोरांच्या घरच्या सोप्यात (म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत), देवळात, पारावर, तालमीच्या कट्ट्यावर पाच-दहा पोरं लांब लांब बसवून जे शिकवलं त्याला इथं सोयीसाठी सोप्यातली शाळा म्हटलंय. सरकारी घोषणा 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी होती आणि त्याच नावानं राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं एप्रिल 2020 पासून व्हॉट्सॲपवर अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली. ऑनलाइन वर्ग आणि सोप्यातली शाळा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या, पण बऱ्याच लिखाणात फक्त ऑनलाइनच दिसतं, म्हणून ही वेगळी नोंद.

याचा उगम कुठं धरायचा यावर एकमत नाही. एक मत प्लेगपर्यंत मागं जातं. 1897 चा साथरोग कायदा प्लेगसाठीच झाला, त्याच सुमारास म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत कोल्हापूर संस्थानातही प्लेग पसरला, लोक गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहिले आणि पोरांचं शिकणंही तिकडंच झालं असणार, असा हा तर्क. तो ओढूनताणून वाटतो, कारण तेव्हा गावोगाव शाळाच नव्हत्या तर त्या बाहेर कुठून भरणार. दुसरं मत शाहू महाराजांच्या सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाकडं बोट दाखवतं. हुकूम 1917 चा, पहिली शाळा करवीरमधल्या चिखलीत, बहुतेक मार्च 1918 मध्ये, आणि पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला महिना एक रुपया दंड. एवढ्या इमारती एकदम कुठल्या, त्यामुळं चावडी, देऊळ, धर्मशाळा जिथं जागा मिळेल तिथं वर्ग भरले, आणि त्याच वर्षी पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची साथ आली. कारण रोगाचं नव्हतं, जागेचं होतं, हे खरंय. तरीही शाळा म्हणजे इमारत नव्हे ही सवय गावाला तिथून लागली, म्हणून हेच मत जास्त पटतं. तिसरं मत अलीकडचं, 2000 नंतर लांबच्या लहान वस्त्यांवर निघालेल्या वस्तीशाळा आणि ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीच्या साखरशाळा यांचं. पहिली ते चौथीची पोरं एकाच जाजमावर बसवून चौघांना चार कामं लावायची ही बहुवर्ग अध्यापनाची पद्धत तिथं मुरली होती आणि सोप्यात तीच उपयोगी पडली, त्यामुळं दुसऱ्या मताला हे पूरकच आहे.

13 मार्च 2020 ला राज्यात तोच 1897 चा कायदा लागू झाला, दुसऱ्या दिवशी शहरातल्या शाळा बंद करायचं ठरलं आणि लगेच खेड्यातल्याही. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या, दहावीचा 23 मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला मग रद्दच केला. मे महिन्यात मुंबई-पुण्याहून परतलेल्या गाववाल्यांना ठेवायला गावोगावच्या विद्या मंदिरांच्या, म्हणजे प्राथमिक शाळांच्या, खोल्या वापरल्या, म्हणजे शाळा बंद नव्हती, ती दुसऱ्या कामाला लागली होती, आणि शिक्षकही घरोघर सर्वेक्षण करत फिरत होते. हे फिरणंच पुढं कामाला आलं, कुठल्या घरात किती पोरं, कुणाकडं मोबाइल, कुणाचा सोपा मोठा हे त्यांना पाठ झालं.

ऑनलाइनचं कागदावरचं गणित नीट होतं. जुलै 2020 च्या आदेशात तिसरी ते आठवीला 45 मिनिटांची दोन सत्रं आणि नववी ते बारावीला चार, अभ्यासक्रमही 25 टक्के कमी केला, आणि 20 जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका आली. पण गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या डोंगरात रेंजसाठी टेकडी चढायला लागायची. जिथं रेंज होती तिथं घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, तो घरी येणार रात्री, मग पोरगं स्वाध्याय सोडवणार कधी? म्हणून कागद. पोषण आहाराचा कोरडा शिधा न्यायला पालक शाळेत आले की तांदळाच्या पिशवीतूनच स्वाध्यायपत्रिका घरी जायच्या आणि पुढच्या खेपेला सोडवून परत यायच्या. तपासलेल्या वहीवर गुरुजींची लाल सही बघून पोरं किती खूश व्हायची हे ज्यांनी पाहिलंय ते विसरणार नाहीत.

गुणांचा विषय जास्त गुंतागुंतीचा. 2020 मध्ये भूगोलाचे गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून दिले, निकाल राज्याचा 95.30 टक्के आणि कोल्हापूर विभागाचा 97.64, कोकणाखालोखाल. 2021 मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, नववीच्या निकालाचे 50, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20 असे शंभर धरले, राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. यातले 30 गुण शाळेकडच्या नोंदींवर होते, म्हणजे ज्या गुरुजींनी सोप्यात बसून वहीत तारीखवार टिपून ठेवलं त्यांच्या पोरांना आधार होता आणि जिथं तसं झालं नाही तिथं अंदाजाला जागा राहिली, ही या सूत्राची खरी कमजोर बाजू.

नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून आणि पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून सुरू करायची परवानगी आली, दुसऱ्या लाटेत सगळं पुन्हा बंद. त्या वर्षी 15 जुलैपासून कोरोनामुक्त गावात ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन आठवी ते बारावी भरवायची मुभा मिळाली आणि आठवड्याभरात पंचगंगेला महापूर आला. ज्या चिखलीत पहिली सक्तीची शाळा भरली तिथल्या लोकांनाच पुन्हा गाव सोडून बाहेर राहायला लागलं. मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा 45 दिवसांचा सेतू अभ्यास त्याच महिन्यात चालू होता, पूरपट्ट्यातल्या पोरांचा तो अर्ध्यातच तुटला.

ऑक्टोबर 2021 पासून मोठे आणि डिसेंबरपासून लहान वर्ग भरायला लागले, जानेवारी 2022 मध्ये थोडे दिवस पुन्हा बंद होऊन 24 तारखेपासून शाळा उघडल्या. मार्चमधली दहावीची परीक्षा लेखीच झाली, आणि दोन वर्षांत पोरांची लिहायची सवय मोडली होती म्हणून 70 ते 100 गुणांच्या पेपरला अर्धा तास वाढवून दिला.