कमी ओढीचं धनुष्य आणि बाणाच्या टोकाचं पातं

शिकारीचा बाण कापून मारतो. रायफलच्या गोळीसारखा धक्का देऊन ऊती फोडण्याइतकी ऊर्जा त्याच्यात नसते. ४५ पाउंड ओढीच्या (दोरी मागे खेचायला लागणारं बल) कम्पाउंड, म्हणजे कप्प्या बसवलेल्या, धनुष्यातून सुटलेल्या बाणात ५०-५५ ज्यूल असतात, तर हरणासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक रायफलींच्या गोळीत दोन ते चार हजार. हे ५० ज्यूल दोन्ही फुप्फुसं छेदून बाण पलीकडे काढायला पुरतात. मात्र ते खोलीवर खर्च होणार की रुंदीवर, हे टोकाला लावलेलं धारदार पातं, म्हणजे ब्रॉडहेड, ठरवतं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा सगळा विषय अमेरिकेसारख्या देशांतला, जिथे धनुष्याच्या शिकारीचा वेगळा परवाना आणि वेगळा मोसम असतो. नियम राज्यागणिक बदलतात. कोलोरॅडोत धनुष्याची ओढ किमान ३५ पाउंड आणि ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच लागते, शिवाय निदान दोन पोलादी धारा. काही राज्यांत हीच मर्यादा ४० पाउंड आहे. खरेदीआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका बघावी.

‘कमी ओढ’ म्हणजे नुसते पाउंड नव्हेत. दोरी किती इंच मागे येते, म्हणजे ड्रॉ लेंग्थ, तिचाही हिशेब असतो. कंपन्या खोक्यावर छापतात तो वेग सहसा ७० पाउंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा (सुमारे २३ ग्रॅम) हलका बाण धरून मोजलेला असतो. ड्रॉ एक इंचाने कमी झाला की वेग सेकंदाला साधारण १० फुटांनी उतरतो. म्हणून २६ इंच ड्रॉच्या माणसाच्या हातातलं ४५ पाउंडाचं धनुष्य २९ इंचवाल्याच्या ४५ पाउंडापेक्षा बरंच अशक्त असतं.

आता बाणाचं वजन. असं ४५ पाउंड, २६ इंचाचं धनुष्य ४०० ग्रेनचा (सुमारे २६ ग्रॅम) बाण सेकंदाला २१० फुटांनी सोडतं असं धरू. ऊर्जा होते ५३ ज्यूल. तेच धनुष्य ५०० ग्रेनचा बाण १९० फुटांच्या आसपास सोडेल. ऊर्जा ५४ ज्यूल. ऊर्जा जवळजवळ तेवढीच, पण संवेग १३ टक्क्यांनी वाढला. याचा उपयोग काय? कापायला लागणारं बल वेगावर फारसं अवलंबून नसतं, तिथे ऊर्जा महत्त्वाची. मात्र ओल्या, लवचीक ऊतींचा अडथळा वेगाबरोबर वाढत जातो. तिथे जड, संथ बाण आपला वेग कमी गमावतो. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे अडथळे एकाच वेळी असतात, त्यामुळे भेदण्यापुरतं पाहिलं तर वजन वाढवण्यात तोटा नाही, झाला तर फायदाच. हरणासाठी ओढीच्या प्रत्येक पाउंडामागे ९ ते १० ग्रेन हा समंजस आकडा आहे. त्यातलं वाढीव वजन शक्यतो पुढच्या टोकाला द्यावं: १०० ग्रेनऐवजी १२५ किंवा १५० ग्रेनचं ब्रॉडहेड.

मोठ्या जखमेचा मोह इथे महागात पडतो. सव्वा इंच रुंदीचं दोन पात्यांचं ब्रॉडहेड सव्वा इंच लांबीची चीर पाडतं. त्याच रुंदीत तीन पाती बसवली की चिरेची एकूण लांबी १.९ इंच होते, चार बसवली की अडीच. प्रत्येक जादा मिलिमीटर कापायला ऊर्जा जाते. लागल्यावर उघडणारी यांत्रिक ब्रॉडहेड याहून खर्चीक: पाती उघडण्यात काही ऊर्जा जाते आणि मग दीड-दोन इंचाची चीर ओढावी लागते. ७० पाउंडवाल्याला ते परवडतं. ४५ पाउंडवाल्याचा बाण अर्ध्यातच थांबला, तर बाहेर पडायचं भोक उरत नाही आणि रक्ताचा माग मिळत नाही. बाण वरून, झाडावरच्या मचाणातून मारला असेल तर खालचं भोक फारच मोलाचं, कारण वरच्या भोकातून रक्त बाहेर यायला छातीची पोकळी आधी भरावी लागते. आमच्या मते ५० पाउंडाच्या आत दोन पात्यांचं, १ ते १ १/८ इंच रुंदीचं फिक्स्ड, म्हणजे पाती कायम उघडी असलेलं, ब्रॉडहेड घ्यावं. फार तर त्यात दोन छोटी आडवी पाती असलेला प्रकार चालेल, आणि ती काढता येतात हे त्याचं चांगलं अंग.

रुंदीखालोखाल टोकाचा आकार. काही ब्रॉडहेडना पुढे त्रिकोणी पोलादी सुळा असतो आणि पाती त्याच्या मागून सुरू होतात. असा सुळा आधी कातडी ढकलून फाडतो, मग कापणं सुरू होतं. पात्याची धार थेट टोकापर्यंत आलेली असेल तर पहिल्या स्पर्शापासून कापलं जातं. कमी ओढीला हाच प्रकार हवा. पातं लांबट असावं: लांबी रुंदीच्या अडीच-तीन पट असली की उतार सौम्य होतो आणि बरगडीतून जाताना कमी बल लागतं. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात बाणांच्या भेदनक्षमतेच्या चाचण्या करणारे डॉ. एड ॲशबी यांनी तीनास एक या प्रमाणाचा बराच पुरस्कार केला. त्यांचा ६५० ग्रेन वजनाचा सल्ला जाड हाडं भेदण्यासाठी आहे. ४० पाउंडाच्या धनुष्याला तो लावला तर बाणाच्या मार्गाची कमान इतकी वाढते की अंतराच्या अंदाजात दोन-तीन यार्डांची चूकही भोवते.

धारेचा कोन हा तर ब्रॉडहेड निवडताना सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग. तीन पात्यांची अखंड पोलादी ब्रॉडहेड सपाट दगडावर दोन पाती एकदम टेकवून घासतात. सोपं आहे, पण त्यातून धारेचा एकूण कोन ६० अंशांचा होतो. दोन पात्यांना दोन्ही बाजूंनी २०-२५ अंश देता येतात, म्हणजे एकूण ४० ते ५०. एकाच बाजूने घासलेल्या पात्याची धार २५-३० अंशांचीही ठेवता येते. अशा पात्यामुळे बाण आत जाताना स्वतःभोवती वळतो. तेव्हा उजव्या घासणीच्या पात्याला उजव्या वळणाची पिसं लावावीत. उलट जोडी लावली तर आत शिरताना बाणाचं फिरणं आधी थांबतं, मग उलटं होतं, आणि त्यात ऊर्जा वाया जाते.

बोथट सुरी टोमॅटोची साल दाबते, कापत नाही. रक्तवाहिन्यांचंही तसंच: बोथट पात्यापुढे त्या बाजूला सरकतात, किंवा फाटून आकसतात आणि रक्त लवकर गोठतं. पाकिटातून काढलेलं नवं पातंही अनेकदा पुरेसं धारदार नसतं. घासण्याच्या पृष्ठावर काळ्या मार्करची रेघ मारावी आणि एक-दोन हात घासून पाहावेत. शाई फक्त मागच्या कडेला पुसली गेली तर कोन कमी पडतोय, फक्त धारेजवळ पुसली तर जास्त होतोय. आधी ६०० ग्रिट, मग १००० ग्रिटचा दगड, धारेच्या पलीकडच्या बाजूला वळलेली बारीक खरखरीत कड बोटाला जाणवेपर्यंत. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून ओढायचं. खोक्यावर ताणून बसवलेला रबरबँड नुसतं पातं टेकवताच तुटला पाहिजे. करवतीसारखं मागेपुढे करावं लागलं तर पुन्हा दगडावर.

एवढं करूनही बाण डुलत गेला तर सगळं वाया. तिरका लागलेला बाण आपली ऊर्जा स्वतःला वाकवण्यात घालवतो, आणि फिक्स्ड पाती पुढच्या पंखांसारखी वागून हा तिरकेपणा वाढवतात. इथे नेहमीची गफलत अशी: टोक १०० वरून १५० ग्रेनचं केलं, शाफ्ट (बाणाची काठी) तोच ठेवला. पुढचं वजन वाढलं की सुटताना शाफ्ट जास्त वाकतो. ५०० स्पाइनचा (शाफ्ट किती वाकतो ते सांगणारा आकडा) शाफ्ट असेल तर ४०० घ्यावा लागू शकतो. आकडा लहान म्हणजे शाफ्ट ताठ. ब्रॉडहेड बसवल्यावर बाण रोलरवर फिरवून टोक थरथरतं का पाहावं. थरथरलं तर बहुधा इन्सर्ट (टोक पिळून बसवायचा, शाफ्टमध्ये चिकटवलेला तुकडा) वाकडा चिकटलाय किंवा शाफ्टचं तोंड काटकोनात घासलेलं नाही.

मग २० यार्डांवरून सराव-टोकाचे तीन आणि ब्रॉडहेडचे तीन बाण मारावेत. ब्रॉडहेड डावीकडे लागत असतील तर बाणाचा रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो आधार) उजवीकडे सरकवायचा, खाली लागत असतील तर वर. एका वेळी १/३२ इंच, त्याहून जास्त नाही. दोन्ही गट एकत्र आले की ३० यार्डांवर पुन्हा तपासणी.

प्राण्यावर मात्र २० यार्डांपलीकडे बाण सोडू नये. १९० फूट वेगाच्या बाणाला २० यार्डांना ०.३२ सेकंद लागतात, ३० यार्डांना जवळपास अर्धा. दोरीचा आवाज हरणापर्यंत ०.०५ सेकंदात पोचतो आणि ते उसळी घेण्यासाठी आधी खाली दबतं. प्राणी आडवा उभा असावा किंवा किंचित पलीकडे वळलेला, आणि नेम पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरून किंवा खांद्याच्या पात्यावर मारायचा विचार ४५ पाउंडाने करूच नये.

सरावात वापरलेली ब्रॉडहेड वेगळ्या रंगाच्या नॉकने (बाणाच्या मागच्या टोकाची, दोरीत अडकणारी खाच) ओळखू येतील अशी ठेवावीत. फोमच्या लक्ष्यात चार-पाच वेळा गेलेली धार शिकारीलायक राहत नाही. कार्बन पोलादाची पाती रात्रीच्या दवातही गंजतात, म्हणून धार लावल्यावर व्हॅसलीनचा पातळ हात. आणि ती शाफ्टवर चढवताना बोटांनी नाही, सोबत मिळणाऱ्या पान्यानेच पिळायची.