गॉर्डियमची गाठ: तोडली, सोडवली की मुळात नव्हतीच?

इ.स.पू. 333. पर्शियावर चालून निघालेला अलेक्झांडर फ्रिजियाच्या जुन्या राजधानीत, गॉर्डियममध्ये थांबला. आजच्या तुर्कस्तानात अंकाऱ्याच्या नैर्ऋत्येला असलेले हे स्थळ 2023मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. तिथे झ्यूस देवाला वाहिलेली एक जुनी गाडी होती. तिचे जू दांडीला ज्या दोरीने बांधले होते, ती कॉर्नेल झाडाच्या सालीची होती. गाठ सोडवील तो आशियाचा स्वामी, अशी भविष्यवाणी. पण दोरीची टोकेच दिसत नव्हती.

अलेक्झांडरने तलवार काढली आणि गाठ तोडली, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्याच सैन्यात असलेला ॲरिस्टोब्युलस मात्र वेगळे सांगतो: अलेक्झांडरने दांडीतून आरपार गेलेली लाकडी खुंटी उपसली आणि जू मोकळे केले. मला हीच हकीगत जास्त आवडते, कारण तिच्यात गाठ कशाच्या आधाराने टिकली आहे हे आधी पाहिलेले आहे.

टोके दिसत नव्हती म्हणजे ती एकमेकांना जोडलेली असतील का? गणितात गाठ म्हणतात ती अशीच, टोके नसलेली. एका सुतळीला साधी गाठ मारा आणि दोन्ही टोके चिकटपट्टीने जोडा. आता कितीही खटपट केली तरी तिचे साधे कडे होणार नाही, आणि हे सिद्ध करता येते. उलट एखादा भयंकर गुंता प्रत्यक्षात नुसते कडेच निघू शकतो. कुर्ट राइडमाइस्टरने 1920च्या दशकात दाखवले की, कागदावर काढलेल्या गाठीच्या आकृतीत फक्त तीन प्रकारचे फेरफार करत राहिले तरी दोरीची कोणतीही हालचाल दाखवता येते. पण ते किती वेळा करावे लागतील? मधे गुंता आणखी वाढवावाही लागतो, खरी अडचण तिथे आहे.

शिवाय खऱ्या दोरीला जाडी असते. भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र पिएरान्स्की आणि जीवशास्त्रज्ञ आंजेय स्टासियाक यांनी 2001च्या सुमारास संगणकावर जाड दोऱ्या आवळून पाहिल्या. गणिताच्या दृष्टीने गाठ नसलेले एक कडे असे घट्ट बसले की, ते सोडवायला हालचालीला जागाच उरली नाही. ओली दोरी बांधून वाळू दिली, तर ती आकसून असे होऊ शकते. गॉर्डियमच्या पुजाऱ्यांनी हेच केले असावे, हा या दोन शास्त्रज्ञांचा तर्क मला पटण्याजोगा वाटतो.

आता तलवारीकडे येऊ. दोरी एका ठिकाणी कापायची, दुसरा पदर त्या फटीतून पलीकडे न्यायचा आणि टोके पुन्हा जोडायची. सुतळीची साधी गाठ अशा एकाच कापात सुटते. एका गाठीची दुसरी करायला असे किमान किती काप लागतात, त्या संख्येला गणितज्ञ गॉर्डियन अंतर म्हणतात. दोन गाठी एका दोरीत जोडल्या, तर त्या सोडवायला लागणाऱ्या कापांची बेरीजच होणार, असे अनेकांना वाटत होते. 2025मध्ये मार्क ब्रिटनहॅम आणि सुसान हर्मिलर यांनी प्रत्येकी तीन काप लागणाऱ्या दोन गाठी घेतल्या. जोडगाठ पाच कापांतच सुटली!

हेच काम आपल्या पेशी सतत करतात. मानवी पेशीतला सुमारे दोन मीटर डीएनए केंद्रकात गुंडाळलेला असतो, आणि विभाजनाआधी त्याच्या दोन्ही प्रती एकमेकींतून सुट्या व्हाव्या लागतात. टोपोआयसोमरेज-2 नावाचे विकर (एन्झाइम) डीएनएचे दोन्ही धागे कापते, तुटलेली टोके स्वतः धरून ठेवते, दुसरा डीएनए मधून पार करते आणि काप जोडून टाकते. जिवाणूंमध्येही अशी विकरे असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यांना नेमके कापल्यानंतर अडवते. टोके जोडली जात नाहीत, डीएनए तुटलेला राहतो आणि जिवाणू मरतो. इटोपोसाइड हे कर्करोगावरचे औषध मानवी विकराला याच टप्प्यावर धरते.